कोडं एक, डोकी दोन

होस्टेलवर माणसाची खरी ओळख मेसच्या रांगेत होत नाही आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीही होत नाही. ती कोडं सोडवताना होते, असं माझं स्पष्ट मत आहे. लाईट गेलेली असावी, मोबाईलची बॅटरी शेवटच्या श्वासावर असावी आणि कोणीतरी कागदावर आकृती काढून म्हणावं, "पेन न उचलता काढून दाखव." मग बघा गंमत! एक जण पेन हिसकावून घेतो आणि कागद फाटेपर्यंत गिरवत बसतो. एक जण डोळे मिटून गप्प होतो. एक जण "हे मी आधी बघितलंय" म्हणतो, पण उत्तर काही सांगत नाही. आणि माझ्यासारखा एखादा कोपऱ्यात बसून आकृतीच्या रेघा मोजायला लागतो.

माझ्या रूम पार्टनरला होस्टेलवर कोणी नावाने हाक मारत नाही. आपल्याकडे माणसाला गावाचं नाव चिकटतं, तसं त्याला 'सायखेडा' चिकटलं. निफाड तालुक्यातलं हे गोदावरीकाठचं गाव, पुलापलीकडे चांदोरी. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा या दोन्ही गावांत पाणी शिरलं होतं. एरवी गाव कांदा आणि द्राक्षं यांतच बुडालेलं असतं.

तर हा आमचा सायखेडा. मी मोजणारा, तो बघणारा. एका खोलीत, एकाच पंख्याखाली आम्ही दोघांनी जेवढी कोडी सोडवली, तेवढे ट्यूटोरिअल सोडवले असते तर आज दोघांचेही फोटो नोटीस बोर्डावर असते. पण या कोड्यांनी मला जे शिकवलं ते ट्यूटोरिअलमध्ये नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

फर्स्ट इयरला सायखेड्याचा ग्राफिक्स राहिला. कारण ऐकाल तर हसाल. आकृती त्याला दिसत होती! पेपर हातात आला की वस्तू त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहायची. पण ती कागदावर उतरवताना प्रोजेक्शनच्या रेषा गायब व्हायच्या आणि टॉप व्ह्यू हमखास फ्रंट व्ह्यूच्या वर जाऊन बसायचा. आपण भारतात फर्स्ट अँगल पद्धत वापरतो. तिच्यात टॉप व्ह्यू खाली येतो, आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. हे त्याला पटायचंच नाही. "वरून बघितलेलं वर काढायचं का खाली? तूच सांग ना भो!" मग तो नियम पाठ करायचा आणि ऐन पेपरात विसरायचा. शेवटी त्याने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता: "आपल्याला डोकंच नाही."

आणि मी? मला ग्राफिक्समध्ये चांगले मार्क होते. गंमत अशी की मला वस्तू कधीच दिसली नव्हती.

हे कळलं ते एका बुचाच्या कोड्यामुळे. कोडं जुनं आहे, तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. फळीला तीन भोकं आहेत: एक गोल, एक चौकोनी, एक त्रिकोणी. गोलाचा व्यास, चौकोनाची बाजू, त्रिकोणाचा पाया आणि उंची, सगळी मापं सारखी. तिन्ही भोकांतून आरपार जाईल आणि प्रत्येक भोक पूर्ण बंद करील असं एकच बूच बनवायचं.

मी लगेच वही काढली. वरून गोल दिसायला हवा, म्हणजे सुरुवात सिलिंडरपासून. समोरून चौकोन, म्हणजे उंची व्यासाइतकी. बाजूने त्रिकोण, म्हणजे जसं वर जाऊ तशी जाडी एका दिशेने कमी कमी होत शेवटी शून्य. मी प्रत्येक उंचीला छेद किती रुंद आणि किती जाड ते लिहीत बसलो. पाऊण पान भरलं. उत्तर बरोबर आलं, सगळ्या अटी पाळल्या गेल्या. वस्तू कशी दिसते असं विचारलं असतं तर मात्र मी ते पाऊण पान पुढे केलं असतं.

एवढ्यात सायखेड्याने माझी कपड्यांच्या साबणाची वडी उचलली. (माझीच! स्वतःची नाही.) ब्लेडने तिचा एक छोटा सिलिंडर कोरला. मग वरच्या वर्तुळाच्या मधोमध एक व्यास आखला आणि त्या व्यासापासून तळाच्या कडेपर्यंत दोन्हीकडून दोन तिरके काप घेतले. झालं! वरून गोल, समोरून चौकोन, बाजूने त्रिकोण. छिन्नीच्या टोकासारखी वस्तू. पाच मिनिटं लागली असतील.

"कसं सुचलं तुला?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात? डोळ्यासमोर धरलं आणि नको तेवढं कापून टाकलं."

"म्हणजे खरंच डोळ्यासमोर?"

"मग काय पाठीमागे?"

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. 'डोळ्यासमोर आणणे' हा नुसता वाक्प्रचार आहे, असं मी आजवर समजत होतो. 'पोटात कावळे ओरडणे' म्हणजे कोणाच्या पोटात खरे कावळे नसतात ना, तसं. तो म्हणाला, "डोळे मिट आणि द्राक्षाचा घड आण." मी डोळे मिटले. अंधार! घड म्हणजे काय ते मला माहीत आहे, मणी कसे असतात तेही माहीत आहे, पण चित्र नाही. "तुला दिसतोय?" मी विचारलं. तो डोळे मिटूनच म्हणाला, "दिसतोय ना. डावीकडचे दोन मणी तडकलेत."

मी हादरलो. आपल्यात काहीतरी कमी आहे की काय, अशी शंका आली. दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली तेव्हा कळलं की ही शंका फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांनी लोकांना विचारलं, सकाळी नाश्ता केलात ते टेबल आठवा आणि मनात काय दिसतं ते सांगा. काहींना ताटल्यांचे रंगसुद्धा दिसले. काहींना काहीच दिसलं नाही, आणि त्या 'काहीच नाही'वाल्यांत चांगले नावाजलेले शास्त्रज्ञ होते! पुढे २०१५ मध्ये ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. म्हणजे मला नाव तरी मिळालं!

आता इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल अशी गोष्ट. १९७१ मध्ये शेपर्ड आणि मेट्झलर या दोघांनी एक प्रयोग केला. छोटे घन जोडून केलेल्या वेड्यावाकड्या आकृत्यांची जोडी दाखवायची आणि विचारायचं: ही एकच वस्तू फिरवून दाखवलीय, की दोन वेगळ्या वस्तू आहेत? ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये आपल्याला छळणारे प्रश्न याच कुळातले. त्यांना आढळलं की वस्तू जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ. आणि ग्राफ चक्क सरळ रेषा! साधारण ६० अंशांना एक सेकंद. म्हणजे माणूस खरोखरच मनात ती वस्तू हळूहळू फिरवत असावा, लेथवर जॉब फिरतो तशी. मी हे वाचून दाखवलं तेव्हा सायखेडा म्हणाला, "बरोबर आहे. फिरवायला वेळ लागतोच. त्यात नवीन काय?"

नवीन पुढे होतं. झेमन यांच्याकडे आधी एक गृहस्थ आले होते, निवृत्त बिल्डिंग सर्व्हेअर. हृदयावरच्या उपचारानंतर त्यांना मनात चित्रं दिसायची एकदम बंद झाली. त्यांनाही अशा फिरवलेल्या आकृत्या दिल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की त्यांची उत्तरं बरोबर येत होती, पण कोनाप्रमाणे वेळ वाढण्याचा तो नेहमीचा नियम त्यांना लागू पडत नव्हता. चित्र बंद, पण कोडं सुटतंय. वाट वेगळी.

हे वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आम्हा दोघांत हुशार कोण, हा प्रश्नच निकालात निघाला. आता प्रश्न एवढाच उरला की कोणती वाट कुठे चालते. मग आम्ही रीतसर मॅचेस लावल्या. कोडं एक, वेळ एक, पद्धत ज्याची त्याची.

पहिली मॅच सायखेड्याने मारली. दहा बाय दहा बाय दहाचा मोठा घन, म्हणजे १००० छोटे घन. बाहेरून रंग दिला. किती छोट्या घनांना रंग लागला? मी सूत्राकडे धावलो. तीन बाजू रंगलेले कोपरे ८. दोन बाजू रंगलेले कडांवरचे, १२ गुणिले ८ म्हणजे ९६. एकच बाजू रंगलेले, ६ गुणिले ६४ म्हणजे ३८४. बेरीज ४८८. मी पेन खाली ठेवेपर्यंत तो उत्तर सांगून दात घासायला गेला होता!

"कसं काढलंस?"

"कांदा सोलला."

त्याचं म्हणणं असं: रंग फक्त वरच्या सालीला लागतो. साल काढली की आत बिनरंगाचा घन राहतो. साल दोन्हीकडून निघते, म्हणून दहाचे आठ. आठाचा घन ५१२. हजारातून वजा केले की ४८८. बस! माझं उत्तर बरोबर होतं, पण मी साल तुकड्यातुकड्याने मोजत होतो. त्याने ती अख्खी काढली. कांद्याच्या गावात जन्म घेतल्याचा फायदा, दुसरं काय!

दुसरी मॅच मात्र माझी. तीच ती पेन न उचलता काढायची आकृती. एक चौकोन, त्यात दोन कर्ण, म्हणजे बंद पाकिटाचं चित्र. एकही रेघ दोनदा गिरवायची नाही. सायखेडा अर्धा तास झटला. प्रत्येक वेळी एक रेघ उरायची. "जवळजवळ झालं होतं," तो दर वेळी म्हणायचा. मी नुसत्या रेघा मोजल्या. चारही कोपऱ्यांवर तीन-तीन रेघा येतात. आता बघा, एखाद्या बिंदूतून पेन पुढे जातं तेव्हा एका रेघेने येतं आणि दुसरीने जातं, म्हणजे रेघा जोडीने संपतात. जिथे रेघा विषम असतील तिथे एक रेघ एकटी उरते, म्हणून तो बिंदू एकतर सुरुवात असला पाहिजे नाहीतर शेवट. सुरुवात एक, शेवट एक. मग विषम बिंदू चालतील फक्त दोन. इथे आहेत चार. म्हणजे सात जन्म गिरवलं तरी होणार नाही!

आता त्याच पाकिटाचं वरचं झाकण उघडं काढा, घराच्या छपरासारखं. वरच्या दोन कोपऱ्यांवर चार-चार रेघा झाल्या. विषम उरले खालचे दोनच. मी म्हणालो, "खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू कर, उजव्यात संपेल." त्याने तसं केलं आणि पहिल्या झटक्यात आकृती पूर्ण झाली. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी जणू त्याच्या हातातलं पेन लांबून चालवलं.

हा विचार लिओनार्ड ऑयलर यांचा. त्यांच्या १७३६ च्या निबंधातला. केनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहर फिरता येईल का, असा प्रश्न होता. ऑयलर यांनी नकाशा बाजूला ठेवला, फक्त प्रत्येक भूभागाला किती पूल लागतात ते मोजलं आणि 'नाही' असं ठाम उत्तर दिलं. सायखेडा म्हणाला, "आमच्या सायखेडा-चांदोरीचं असलं काही टेन्शन नाही. एका पुलाचं कोडं होत नाही."

नाशिक जिल्ह्याला मोजणारी माणसं नवी नाहीत, हेही त्याला सांगून टाकलं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर सर आठवा. सगळे सारखे नसतील असे चार अंक घ्या. मोठ्याकडून लहान आणि लहानाकडून मोठा असे मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. सायखेड्याने खिडकीत बसून पंधरा आकडे तपासले आणि मग म्हणाला, "ह्याचं चित्र कसं काढायचं?" कापरेकरांचं चित्र काढायला निघालेला बहुधा हा पहिलाच माणूस!

दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला घरी नेलं. फराळ, कांद्याची चाळ, नदीचा घाट, सगळं झालं. पण मला आठवते ती अंगणातली रांगोळी. त्याची आई, म्हणजे मावशी, सकाळी 'पंधरा ते आठ'ची ठिपक्यांची रांगोळी काढत होती. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक ठिपका कमी करत आठपर्यंत. मी सवयीने मोजायला लागलो. १५, अधिक दोनदा १४ ते ८ ची बेरीज... एकूण १६९. म्हटलं, "मावशी, १६९ ठिपके आहेत." मावशी म्हणाली, "असतील बाळा. मी कधी मोजले नाहीत."

"मग चुकत कसं नाही?"

"एक पाकळी बसली की बाकीच्या पाच तशाच. रांगोळीभोवती आपण फिरायचं, रांगोळी फिरवायची नाही."

मी आणि सायखेडा एकमेकांकडे बघतच राहिलो. तो वस्तू मनात फिरवतो, मी मोजतो. मावशी दोन्ही करत नाही! ती सहाव्या भागाचं काम करते आणि बाकीचं सिमेट्रीवर सोडते. इतक्यात तिने न मोजता उजवीकडे बोट दाखवलं, "तिथला एक ठिपका राहिलाय." खरंच राहिला होता. म्हणजे माझे १६९ हे हिशोबाचे होते, अंगणातले नव्हते.

त्याच दुपारी बागेत गेलो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन मांडवावर नवी फूट आली होती आणि आभाळ जरा ढगाळलं की घरातल्या सगळ्यांचे चेहरे बदलत होते. सायखेडा पलीकडे तार ओढत होता. त्याचे वडील, अण्णा, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाळा, खरं सांग. ह्याला झेपतंय का तिकडं? नसंल झेपत तर बाग हाये. पण उगं वर्षावर वर्षं जायला नको."

काय उत्तर द्यावं कळेना. खोटं दिलासा देणं सोपं होतं. पण त्या माणसाने खरं सांग म्हटलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, कोडं तो माझ्याआधी सोडवतो. फक्त कसं सोडवलं ते लिहीत नाही. पेपर तपासणाऱ्याला त्याच्या डोक्यातलं कसं दिसणार?"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग तेवढं लिहायला शिकव."

मी पलीकडे गेलो. सायखेड्याने सगळं ऐकलं होतं. तो काही बोलला नाही, तार ओढत राहिला. मग एकदम खाली बघायला लागला. मांडवाची सावली जमिनीवर पडली होती. तारा, डांब, पानं, सगळं खाली उमटलेलं.

"ए, वर कोण? सूर्य. मधे कोण? वेल. आणि सावली कुठं?"

"खाली."

"म्हणजे वरून बघितलेलं खाली पडतं! तुझा तो फर्स्ट अँगल हाच ना?"

अगदी हाच! फर्स्ट अँगलमध्ये वस्तू बघणाऱ्याच्या आणि प्रतलाच्या मधे असते. वरून बघितलं की प्रतिमा खालच्या प्रतलावर पडते. डावीकडून बघितलं की उजवीकडच्या भिंतीवर. पुस्तकात ही व्याख्या आहेच, मीही ती त्याला दहादा वाचून दाखवली होती. पण त्याला व्याख्या नको होती, सावली हवी होती. मी त्याला पुढचंही सांगितलं की अमेरिकेत थर्ड अँगल पद्धत चालते. तिच्यात प्रतल बघणारा आणि वस्तू यांच्या मधे असतं, काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू बाहेरून बघावी तसं. म्हणून तिथे टॉप व्ह्यू वरच येतो. म्हटलं, "तू चूक नव्हतास, तू अमेरिकन होतास." कितीतरी दिवसांनी तो खळखळून हसला.

सुट्टीनंतर आम्ही एक नियम केला. उत्तर दिसलं की त्याने लगेच बोलायचं नाही. आधी मला, म्हणजे ज्याला काहीच दिसत नाही अशा माणसाला, रेघ-रेघ काढून पटवायचं. मी मुद्दाम आडमुठेपणा करायचो: "हा कोपरा इथे कशावरून?" मग त्याला प्रोजेक्शनची रेषा काढावीच लागायची. एके दिवशी तोच म्हणाला, "म्हणजे ड्रॉइंग आपल्यासाठी नसतंच. वर्कशॉपमध्ये जो बनवणार त्याच्यासाठी असतं. त्याला आपल्या डोक्यात घुसता येत नाही." मला वाटतं, त्या दिवशी त्याचा ग्राफिक्स सुटला. विद्यापीठाने निकाल नंतर लावला, एवढंच.

आणि मी काय शिकलो? त्याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर मिळालं. पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे एका कर्णाची दोन टोकं, झाकून टाका. उरली ६२ घरं. दोन घरं झाकेल एवढ्या ३१ पट्ट्या घ्या. पट पूर्ण झाकता येईल का? मॅक्स ब्लॅक यांच्या १९४६ च्या पुस्तकातलं हे प्रसिद्ध कोडं. मी मोजलं: ६२ भागिले २ म्हणजे ३१. बरोबर बसतंय, व्हायला हवं. सायखेड्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून लावल्या. दर वेळी दोन घरं उरायची, आणि तीही एकमेकांपासून लांब. माझा हिशोब म्हणतोय होईल, त्याचा हात म्हणतोय होत नाही. दोघेही अडकलो.

रात्री अकराच्या सुमारास तो पुटपुटला, "उरतात ती दोन्ही घरं दर वेळी पांढरीच असतात." त्याला हे दिसलं, पण पुढे काय करायचं ते कळेना. माझ्या डोक्यात मात्र घंटा वाजली. "झाकलेले कोपरे कोणत्या रंगाचे?" दोन्ही काळे! म्हणजे काळी उरली ३०, पांढरी ३२. आणि पट्टी कशीही ठेवा, ती एक काळं आणि एक पांढरं घर झाकणार. ३० पट्ट्या झाल्या की काळी संपली, दोन पांढरी उरली. संपलं! आम्ही एकमेकांना टाळी दिली तेव्हा शेजारच्या खोलीतून भिंतीवर बुक्का आला. पहाटे पेपर होता त्यांचा.

मित्रांनो, या कोड्यावर मी बराच विचार केला. नुसता मोजत राहिलो असतो तर ३१ वरच खूश होऊन झोपलो असतो. तो नुसता बघत राहिला असता तर सकाळपर्यंत पट्ट्या लावत बसला असता. काय मोजायचं ते त्याने बघितलं, आणि बघितलेलं मी मोजलं. आपण होस्टेलवर पार्टनर निवडताना बघतो की तो आपल्यासारखा आहे का. आपल्याच वेळेला झोपणारा, आपलीच गाणी ऐकणारा. पण कोड्यासाठी आपल्यासारखाच पार्टनर मिळाला तर दोघं एकाच ठिकाणी अडकतात.

ॲप्टिट्यूड टेस्टची तयारी करणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द. वस्तू फिरवायची असेल आणि दिसत असेल तर खुशाल फिरवा, पण कोन मोठा असेल तर वेळ जातो हे लक्षात ठेवा. दिसत नसेल तर घाबरू नका. एक कोपरा धरा आणि त्याच्या शेजारी कोण कोण आहे ते तपासा. 'होतं का?' असं विचारलं असेल तर हात वापरा. 'का होत नाही?' असं असेल तर मोजा. आणि आकृतीत सहा भाग सारखे दिसले तर मावशीला आठवून एकाच भागावर काम करा.

सायखेडा ग्राफिक्समध्ये सुटला, काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. अण्णांना त्याने फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "लिहिलं ना समदं?" मला मात्र अजूनही डोळे मिटले की अंधारच दिसतो. पण आता त्या अंधाराची भीती वाटत नाही, कारण शेजारच्या कॉटवर एक जण आहे, ज्याला त्यात तडकलेले मणीसुद्धा दिसतात.

जाता जाता एक कोडं तुमच्यासाठी. त्याच पटावर दोन काळ्यांऐवजी एक काळं आणि एक पांढरं घर झाकलं, कुठलंही, तर ३१ पट्ट्या बसतील का? नेहमीच बसतील, की कधी कधी? एकट्याने सोडवू नका. पार्टनरला उठवा!